स्टेजवर कोण आहे?

लंडन कधी न पाहिलेला ॲबाचा फॅन पुडिंग मिल लेन स्टेशनवर उतरतो. शेजारीच ॲबा अरेना! पण हा स्वीडिश ग्रुप तर 1982 मध्ये थांबला. मग 2022 मध्ये सुरू झालेल्या या शोत स्टेजवर कोण?

सत्तरीच्या घरातल्या त्या चौघांनी मोशन कॅप्चरचे सूट घालून पाच आठवडे गाणी केली. 160 कॅमेऱ्यांनी हालचाली टिपल्या. त्यावरून कम्प्युटरने तरुणपणीचे चौघे भव्य स्क्रीनवर उभे केले. होलोग्राम नव्हे हं!

म्हणजे एवढ्या लांब येऊन नुसता सिनेमाच बघायचा? तसंही नाही. दहा जणांचा बँड तिथे खराखुरा वाजवतो आणि शेजारचा अनोळखी माणूस आपल्याच सुरात गातो. फॅन खरं तर त्यासाठीच जातो.