व्हॉल्व्हचा गिटार-ॲम्प्लिफायर आणि जुन्या भागांचा प्रश्न

ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याच्या मागे जी चौकोनी पेटी ठेवलेली असते, तिला आपल्यापैकी पुष्कळजण लाऊडस्पीकर समजतात. वस्तुतः ती पेटी म्हणजे अर्धे वाद्यच होय. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तिला साध्या गिटारसारखे पोकळ पोट नसते. तारांखाली लोहचुंबक आणि त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा अगदी क्षीण दाब उत्पन्न होतो, साधारण व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्यातून ऐकण्याजोगा आवाज निर्माण करण्याचे काम पेटीचे. म्हणून ज्याला जुन्या धाटणीचा गिटारचा आवाज हवा असतो, तो जुन्या धाटणीची पेटी शोधतो. आणि जुनी पेटी म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची, व्हॉल्व्हची.

गेले वर्षभर मी अशी एक पेटी बांधण्याच्या खटपटीत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा उद्योग कशाला करावा, असे विज्ञान शाखेच्या मित्रांनी विचारून झाले आहे. तेव्हा उत्तर एकदाच लिहून टाकतो.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तापणारी तार, तिच्याभोवती कॅथोड, मग बारीक तारेची जाळी आणि बाहेर धातूचा पत्रा, म्हणजे ॲनोड. कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पत्र्याकडे धाव घेतात. जाळीवर थोडा ऋण दाब दिला की त्यांची वाट अडते, कमी केला की मोकळी होते. पाटाच्या पाण्याला लाकडी फळी घालतात तसेच. फळी बोटभर हलवायला जोर लागत नाही, पण पाणी शेतभर कमी-जास्त होते. १९०४ साली फ्लेमिंगने दोन अग्रांची नळी केली आणि १९०६ साली अमेरिकेत डी फॉरेस्टने तिच्यात जाळी बसवली. रेडिओ, बोलपट, लाऊडस्पीकर हे सारे या जाळीच्या जोरावर वाढले.

आता खरा मुद्दा असा की, व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त काम दिले की तो आवाज बिघडवतो. पण तो बिघडवतो कसा? ध्वनीची लाट वाढत वाढत मर्यादेला पोचली की बहुतेक साधे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर तिचा माथा कोयत्याने कापल्यासारखा सपाट करतात. व्हॉल्व्ह तो माथा गोलसर दाबतो. अशा दाबण्याने मूळ स्वरात नवे स्वर मिसळतात. दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, आणि तिप्पट कंपनांचा म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. एकाच शेवटच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये यातला पहिला, म्हणजे दुपटीचा स्वर ठळक असतो. त्यामुळे आवाज फाटण्याऐवजी भरदार होतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी मिरजेचा तंबोरा आठवावा. तंबोऱ्याची घोडी मुद्दाम अशी घासतात की तार तिच्या पाठीला हलकेच चाटून जावी. त्यालाच जवारी म्हणतात. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने तोही तारेच्या शुद्ध आंदोलनात आणलेला बिघाडच. पण तो बिघाड काढून टाकला तर तंबोऱ्याचा तंबोरा राहील काय? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या जवारीच्या कारागिरीचा वाटा मोठा आहे. गिटारच्या पेटीतला व्हॉल्व्ह ही त्या वाद्याची जवारी, असे मी समजतो.

या छंदाच्या मंडळींत एक पंथ आहे. त्यांच्या मते १९५८ सालचा ॲम्प्लिफायर बांधायचा तर त्यातला प्रत्येक रेझिस्टन्स, प्रत्येक कंडेन्सर, अगदी कापडी वेष्टणाची तारसुद्धा १९५८ च्या सुमाराचीच हवी, आणि तीही अमेरिकन. हा हट्ट मला मान्य नाही, आणि माझ्या बाजूने साक्ष खुद्द इतिहासाची आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने ‘बेसमन’ नावाचा ॲम्प्लिफायर काढला होता. लंडनमध्ये जिम मार्शल याचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन माल तिकडे महाग पडे. म्हणून १९६२ च्या सुमारास त्याने आणि केन ब्रॅन, डडली क्रेव्हन या सहकाऱ्यांनी बेसमनचाच नकाशा घेतला आणि इंग्लंडात मिळणाऱ्या मालाने तो उभा केला. ट्रान्सफॉर्मर तिथल्या पुरवठादाराचा, स्पीकर सेलेस्टियनचा, आणि थोड्याच काळात शेवटचे व्हॉल्व्हही इंग्लिश, केटी ६६ जातीचे. नकाशा एकच, पण आवाज वेगळा झाला आणि तोच पुढे रॉक संगीताचा आवाज म्हणून जगभर गाजला. आज लोक त्या पहिल्या मार्शलचे भाग हुबेहूब मिळवण्यासाठी धडपडतात. पण तो मुळात ‘मिळेल त्या मालाचा’ ॲम्प्लिफायर होता!

मग मी विचार केला की, १९६५ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या रेडिओ मिस्त्रीने गिटारची पेटी बांधली असती तर कशाची बांधली असती? अमेरिकन माल त्याला दिसलाही नसता. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती. पण बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले होते, आणि त्या व्हॉल्व्हवर चालणारे रेडिओ खेडोपाडी पोचले होते. त्याने तेच वापरले असते. ‘त्या काळचे भाग’ याचा माझ्यापुरता अर्थ हा.

सुदैवाने अशा रेडिओच्या पोटात आपल्याला हवे ते बरेचसे सापडते. विजेवर चालणाऱ्या घरगुती रेडिओत बहुधा पाच व्हॉल्व्ह असत : ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. पहिले तीन आकाशवाणीची लहर पकडण्याच्या कामाचे. ते आपल्याला नकोत. ईएल ८४ हा आवाजाला जोर देणारा आणि ईझेड ८० हा उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवणारा. हे दोन ठेवायचे. त्यांच्याबरोबर विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरकडे जाणारा छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. फक्त ईसीसी ८३ हा एक व्हॉल्व्ह बाहेरून आणावा लागतो. एका काचेत दोन व्हॉल्व्ह असलेला हा नग जुन्या लाऊडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा टेपरेकॉर्डरमध्ये मिळतो. मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर जुन्यांची चौकशी करता येते. नवा हवा तर रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे अजून बनतो. विजेचा हिशेबही सोयीचा बसतो. रेडिओचे पाचही व्हॉल्व्ह तापवायला ६.३ व्होल्टवर सुमारे २.१ ॲम्पियर लागत. आपले तीन १.६६ ॲम्पियरमध्ये भागतात. म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचे ओझे तेवढेच हलके होते.

एक मात्र बजावून सांगतो. चालू रेडिओ मोडू नये. ज्याची डबी कुजली, डायल फुटली, वेटोळी जळली, असाच घ्यावा. असे रेडिओ भंगारात तांब्याच्या भावाने जातात. तिथे ट्रान्सफॉर्मर फोडून तार वितळवतात. ते होण्यापूर्वी गाठता आले तर बरे.

दुसरी सूचना जिवाशी संबंधित आहे. काही रेडिओ ‘एसी-डीसी’ जातीचे होते. त्यांत विजेचा ट्रान्सफॉर्मरच नसे. व्हॉल्व्हची नावे ‘यू’ने सुरू होतात, यूएल ८४, यूवाय ८५ अशी. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. रेडिओला लाकडी डबी होती म्हणून ते चालून गेले. गिटारच्या तारा मात्र केबलमधून सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याच्या दोन्ही हातांत सांगाडाच असतो. या जातीचा रेडिओ गिटारसाठी कदापि वापरू नये.

ट्रान्सफॉर्मर असला तरी अर्थिंग हवेच. आपल्याकडे तीन पायांच्या पिनेचा तिसरा पाय मोडून दोन भोकांत खुपसण्याची पद्धत आहे. मंडपात तर सर्रास. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्सी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक भर रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात मायक्रोफोन, ही स्थिती आपल्या गॅदरिंगमध्ये दर वर्षी असते. ॲम्प्लिफायर आणि माइकचे यंत्र एकाच अर्थ केलेल्या बोर्डावरून घ्यावे, आणि तो अर्थ खरोखर जमिनीत गेला आहे ना, हे आधी तपासावे.

आता नकाशा. फेंडरच्या सर्वांत लहान, तीन व्हॉल्व्हच्या ‘चॅम्प’ या पेटीचाच मार्ग, फक्त शेवटी तिथल्या ६व्ही६ ऐवजी आपला ईएल ८४. गिटारची वीज ६८ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून ईसीसी ८३ च्या पहिल्या अर्ध्याच्या जाळीवर जाते. ॲनोडला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम. इथे ती पन्नास-साठ पट होते. मग ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण, आणि दुसरा अर्धा. पुन्हा तसाच कंडेन्सर आणि ईएल ८४ ची जाळी. ईएल ८४ ला पुरता राबवायला जाळीवर सात-आठ व्होल्ट पुरतात. म्हणजे बटण अर्ध्यावर येण्याआधीच त्याची दमछाक सुरू होते, आणि आपल्याला हवी ती हीच. त्याच्या कॅथोडला १५० ओहम लावावेत आणि त्या दोन टोकांत मीटरने साडेसात व्होल्टच्या आसपास दाब पाहावा. दहाच्या वर गेला तर काही चुकले आहे; लगेच बंद करावे. एवढ्याने पाच वॉट मिळतात. आकडा लहान दिसतो, पण वर्गखोलीत शेजारच्या वर्गाने तक्रार करावी इतका आवाज होतो.

जुने-नवे याचा कस लागतो तो कंडेन्सरपाशी. मेणकापडी कागदाचे जुने कंडेन्सर दिसायला सुरेख असतात, परंतु साठ वर्षांत ते गळके झालेले असतात. पहिल्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवरचा दाब गळून ईएल ८४ च्या जाळीवर आला की त्याचा ऋण दाब नाहीसा होतो, पत्रा तापून लाल होतो आणि आता कुठेच बनत नसलेला बंगळूरचा व्हॉल्व्ह काही मिनिटांत संपतो. ॲल्युमिनियमच्या डब्यातले मोठे कंडेन्सर आतून सुकलेले असतात. ते कधी नुसते घुमतात, कधी फुटतात. हे सगळे नवेच घालावेत. जुने कार्बनचे रेझिस्टन्स मोजावेत. वाढलेले निघाले तर टाकावेत. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जुने, कंडेन्सर नवे, अशी माझी वाटणी आहे. हट्टी पंथ तिला भ्रष्टाचार म्हणेल.

हे काम मला शिकवतात ते चिखलीचे एक वृद्ध रेडिओ मिस्त्री. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचा पहिला नियम असा : “लाइन गेली तरी कंडेन्सर काही विसरत नाई, पोट्ट्या. एक हात खिशात ठेव.” याचा अर्थ असा की आतला दाब तीनशे व्होल्टचा असतो आणि पिन काढली तरी तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो, दोन्ही हात आत असले तर धक्का छातीतून जातो. मोठ्या कंडेन्सरवर २२० किलोओहम, दोन वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडून ठेवावा. ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून अर्ध्या-पाऊण मिनिटात रिकामा होतो. तरीही मीटरने पाहिल्याशिवाय बोट लावू नये.

आमच्या भागात आणखी एक अडचण, ती कुठल्याच अमेरिकन पुस्तकात नाही. रात्री शेतीचे पंप सुरू झाले की २३० चे कधी कधी १८० व्होल्ट होतात. मग ६.३ च्या जागी व्हॉल्व्हला ४.९ व्होल्ट मिळतात, कॅथोड पुरता तापत नाही आणि आवाज मरगळतो. असे वारंवार झाले की व्हॉल्व्हचे आयुष्यही घटते. म्हणून सायंकाळी वाजवायचे तर स्टॅबिलायझर हवा. फेंडरला हे सोंग आणायची गरज पडली नाही!

पेटीचे लाकूड जुन्या बाजेचे घेतले आहे. स्पीकर रेडिओचाच ठेवला, कारण तो त्याच्याच ट्रान्सफॉर्मरला जुळतो. शिवाय स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालू केला तर त्या ट्रान्सफॉर्मरचीच वेटोळी जळतात. राहिलेले सामान, म्हणजे गँग, वेटोळी आणि ते तीन व्हॉल्व्ह, काकांच्या डब्यात गेले. व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीला येणे आता दुर्मिळ. पण या वर्षी दोन आले, आणि त्यातल्या एकाला ईएफ ८९ हवाच होता.