भाजीच्या वाफ्यांना हवी स्वस्त, चिखलमुक्त पायवाट

ठाणे, प्रतिनिधी

ठाणे ते कल्याण या मार्गावरील लोकल प्रवाशांना रुळांलगतच्या जागेतील पालक, लाल माठ, भेंडी आणि मुळ्याचे वाफे अनेक वर्षांपासून परिचित आहेत. रिकाम्या जमिनीवर अतिक्रमण होऊ नये आणि तिचा उपयोगही व्हावा, या हेतूने रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली अशा जागा आपल्या कर्मचाऱ्यांना परवान्याने कसण्यास दिल्या. सांडपाण्यावर वाढणाऱ्या या भाजीविषयी वेळोवेळी आक्षेप घेण्यात आले आणि ते रास्तही होते. मात्र भाजीच्या मळ्याचा एक जुना नियम तेथेही दिसतो. जागा कितीही अपुरी असली, तरी वाफ्यांमध्ये चालण्यासाठी पट्टी सोडलेली असते आणि पेरलेल्या मातीवर पाय पडत नाही.

ठाणे, डोंबिवली व कल्याणमधील गृहसंकुलांच्या आवारात भाजीबाग करणारे रहिवासी नेमका हाच नियम विसरतात. आधी वाफे आखले जातात आणि उरलेल्या जागेतून वाट काढली जाते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या वाटेचा चिखल होतो, ज्येष्ठ नागरिक बागेत उतरेनासे होतात आणि ऐन वाढीच्या दिवसांत वाफ्यांकडे दुर्लक्ष होते.

पाऊल पडले की माती घट्ट होते

पायवाट केवळ नीटनेटकेपणासाठी नसते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा आणि पाणी असते व मुळे त्यातूनच वाट काढतात. ओल्या मातीवर माणसाचे वजन पडले की या पोकळ्या दबतात, पाणी झिरपेनासे होते आणि मुळे गुदमरतात. थोडक्यात, वाटेसाठी काही जागा दिली की उरलेली सारी जागा भुसभुशीत राहते.

म्हणूनच आखणी हाताच्या पोहोचीवरून करावी. बसून काम करताना हात सुमारे दोन फूट पुढे जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंना वाट असलेला वाफा चार फुटांपेक्षा रुंद नसावा, तर भिंतीलगतचा वाफा दोन फुटांचाच ठेवावा. एका माणसाला दीड फुटाची वाट पुरते. घमेले घेऊन जायचे असल्यास दोन फूट आणि चाकाची खुर्ची न्यायची असल्यास तीन फूट रुंदी लागते.

विलायती पद्धत येथे अपुरी

इंग्लंडमध्ये 1908 च्या कायद्याने नागरिकांना भाजीसाठी जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. तेथील वाटांवर लाकडाचा भुगा किंवा ढलप्या पसरण्याची रीत आहे. बागकामाच्या पुस्तकांतून तीच पद्धत आपल्याकडे आली. परंतु तेथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, तर ठाणे जिल्ह्यात तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तीस फूट लांब आणि दोन फूट रुंद वाटेवर 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका वाटेवर साडेपाचशे लिटरहून अधिक पाणी पडते. ते निघून जाण्याची सोय नसेल, तर वर काहीही पसरले तरी खाली चिखलच होणार. या बाबतीत जिल्ह्यातील भातशेतीचा बांध अधिक योग्य धडा देतो. खाचरात पाणी साचले, तरी उंच बांधावरून ये-जा सुरू राहते.

त्यानुसार वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन-चार इंच उंच असावी. दर शंभर फुटांना एक फूट, म्हणजे तीस फुटांना साडेतीन इंचांचा उतार पुरतो. मध्यभाग किंचित फुगीर ठेवून कडेला वीतभर रुंदीची चर काढावी. वाफाही उचलून घ्यावा, म्हणजे वाटेवरचे पाणी त्यात शिरणार नाही.

साहित्य आवारातच

तळाशी तुटक्या विटांचे तुकडे अंथरून ते चोपावेत. त्यावर खडीमिश्रित मुरूम टाकावा. मातकट मुरूम पावसात चिकट होतो, त्यामुळे तो टाळावा. वरच्या थरासाठी भाताचे तूस, सुका पाला, नारळाची सोडणे किंवा फांद्यांचे बारीक तुकडे चालतात. साठ चौरस फुटांच्या वाटेवर तीन इंचांचा थर द्यायचा, तर पंधरा घनफूट साहित्य लागते. सिमेंटच्या साधारण बारा गोण्यांत ते मावते. पावसाळ्यापूर्वी आवारातील झाडांची छाटणी परवानगीने होते, तेव्हा निघणारा पाला आणि फांद्या बाहेर पाठवू नयेत. बागेतील कचरा आवारात वेगळा साठवावा व जाळू नये, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही बजावले होते.

कायमस्वरूपी वाट हवी असल्यास विटा आडव्या लावता येतात. नेहमीच्या नऊ इंची विटा चौरस फुटाला साडेतीन ते चार लागतात, म्हणजे या वाटेला सुमारे सव्वादोनशे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पावलापुरत्या फरश्या. एकेका फुटाचे शहाबादी तुकडे दीड-दीड फुटाच्या अंतराने बसवल्यास तीस फुटांना वीस तुकडे पुरतात. त्यांची खडबडीत बाजू वर ठेवावी. गुळगुळीत फरशीवर श्रावणापर्यंत शेवाळ धरते आणि पाय घसरण्याची भीती असते. चकचकीत टाइल्स तर वापरूच नयेत.

हे मात्र टाळा

घराच्या दुरुस्तीतील राडारोडा सरसकट वाटेवर टाकणे धोक्याचे आहे. त्यात काचा, खिळे आणि जुना रंग असतो. ॲस्बेस्टॉसच्या फुटक्या पत्र्यांचे धागे श्वासातून फुप्फुसात जाऊन गंभीर आजार होऊ शकतात. स्वच्छ विटा व दगड निवडूनच घ्यावेत. रस्त्याकडेला पडलेले पेव्हर ब्लॉक ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ते परस्पर उचलू नयेत.

शहाळ्यांची टरफले फुकट मिळतात, पण ती उताणी राहिल्यास त्यात पाणी साचून डेंग्यू पसरवणारे डास वाढतात. त्यांचे तुकडे करून पालथे दाबावेत. रसवंतीवरील चिपाडे गोड असल्याने मुंग्या-माश्या येतात, म्हणून ती उन्हात पूर्ण वाळवून घ्यावीत. पुठ्ठा अंथरून तण रोखण्याचा उपाय उन्हाळ्यात चालतो. पावसात मात्र पुठ्ठ्याचा लगदा होतो आणि लव्हाळा त्यातून सहज वर येतो. त्यामुळे लव्हाळ्याच्या गाठी आधीच खणून काढलेल्या बऱ्या. वाट कोरडी असली, तरी पावसाळ्यात अनवाणी बागेत जाऊ नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून, पायावरील जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो.

मे महिन्यात काम, दिवाळीनंतर परतफेड

संस्थेची लेखी संमती घेऊन हे काम मे महिन्यातच उरकावे. जमीन कोरडी असताना उतार नीट देता येतो. पाण्याची भरलेली बादली वाटेच्या वरच्या टोकाला ओतून पाहावी. पाणी जेथे थबकेल, तेथे भर घालावी.

पाल्याचा आणि तुसाचा थर दर वर्षी बदलावा लागतो, ही त्याची उणीव वाटेल. परंतु तोच त्याचा फायदाही आहे. पावसाळ्यात पायाखाली तुडवला गेलेला पाला दिवाळीपर्यंत बराचसा कुजलेला असतो. तो खरवडून वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरावा. हिवाळी भाज्यांना तो उपयोगी पडतो. तूस कुजायला वेळ घेते, ते आणखी एक हंगाम वाटेवरच राहू द्यावे. रिकाम्या झालेल्या जागी पुढील मे महिन्यात, नव्या छाटणीचा पाला येईल.