न आलेल्या उत्तराचा अर्थ

न सुटणारे प्रश्न : लेखांक ६

मागच्या लेखात आपण फर्मीच्या प्रश्नापाशी थांबलो होतो. १९५० साली लॉस अलामॉसमध्ये जेवता जेवता एन्रिको फर्मी यांनी विचारले होते, की विश्व एवढे मोठे, तारे एवढे अगणित, मग दुसऱ्या ग्रहांवरचे सगळे आहेत तरी कुठे? त्या लेखावर जी पत्रे आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत खगोलशास्त्र पहिल्या दोन ओळींतच संपले होते. पुढे वेगळेच काही होते. मुले परदेशी, जोडीदार गेलेला, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग प्रश्न सुरू होतात. हे सगळे कशासाठी? कुणी आहे का? मी नसलो तर कुणाचे काय अडणार आहे?

ही पत्रे बाजूला ठेवून पुढे जाणे मला जमले नाही. विश्वात आपण एकटे आहोत का, आणि या घरात मी असा एकटा का, हे दोन प्रश्न एक नव्हेत. पण दोन्हींत माणूस सारखेच वागतो. कान लावून बसतो, काही ऐकू येत नाही, आणि मग त्या शांततेचा अर्थ लावतो. हा अर्थ कधी खरा धरावा आणि कधी धरू नये, हे रेडिओ खगोलशास्त्र फार कष्टाने शिकले आहे.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद हे गाव आहे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, इथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी या तबकड्या मंगळाकडे वळवलेल्या होत्या. युरोपीय अवकाश संस्थेचे स्किआपरेली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरणार होते. त्याचा बारीकसा प्रक्षेपक खरे तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी होता, पृथ्वीशी नव्हे. तरी ती क्षीण लहर खोडदला पकडता आली. तिच्यातून मजकूर वाचता येत नव्हता, पण लहर चालू आहे एवढे कळत होते, आणि तिच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलावरून यानाचा वेग कसा उतरतो आहे तेही दिसत होते.

उतरण्याच्या ठरलेल्या क्षणाच्या सुमारे मिनिटभर आधी ती लहर थांबली.

ही शांतता खरी निघाली. यानातल्या एका मापकाने साधारण सेकंदभर चुकीची नोंद दिली होती. त्यावरून यानाच्या संगणकाने आपण जमिनीच्याही खाली पोहोचलो आहोत असा हिशेब केला, पॅराशूट लवकर सोडून दिले, आणि वेग आवरणारी इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली. यान काही किलोमीटर उंचीवरून कोसळले. थोड्याच दिवसांत मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्या जागेचे छायाचित्र पाठवले. त्यात काळा डाग दिसत होता.

खोडदला त्या शांततेवर विश्वास ठेवता आला, कारण कुठे ऐकायचे, कधी ऐकायचे आणि कोणत्या वारंवारतेवर ऐकायचे, हे तिन्ही आधीपासून माहीत होते. बोलणारा ठाऊक होता आणि त्याची वेळ ठरलेली होती.

आता दुसरी शांतता पाहू. १५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ‘बिग इअर’ या दुर्बिणीने धनु राशीच्या दिशेने आलेली एक लहर टिपली. त्या काळी नोंदी कागदावर छापून येत. आकड्यांच्या रांगांमागून रांगा, बहुतेक ठिकाणी कोरी जागा किंवा १, २. नऊच्या वरच्या तीव्रतेसाठी आकडे पुरत नसल्याने अक्षरे वापरली जात. खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन काही दिवसांनी ते कागद तपासत होते. एका उभ्या रांगेत त्यांना दिसले, ६ ई क्यू यू जे ५. यू म्हणजे पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या तीसपट. त्यांनी लाल पेनाने त्या अक्षरांभोवती रेघ ओढली आणि शेजारी ‘वॉव’ असे लिहिले. ती लहर ७२ सेकंद नोंदली गेली. दुर्बीण जागची हलत नव्हती. पृथ्वीच्या फिरण्याने आकाशाचा एखादा बिंदू तिच्यासमोरून सरकायला तेवढाच वेळ लागे. बिग इअरला लहरी टिपणारा ग्राहक एकच नव्हता, शेजारी दुसराही होता. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने त्यातही ती लहर यायला हवी होती, पण एकाच ग्राहकात आली. त्या दिशेला पुढे पुन्हा पुन्हा कान लावले गेले, तशी लहर परत सापडली नाही. १९९८ मध्ये ती दुर्बीणही पाडली गेली.

तिथे कोणी बोलले होते, असे म्हणायला आधार नाही. कोणी नाही, असे म्हणायलाही नाही. पुन्हा बोलणार कधी, किती वेळ, कोणत्या वारंवारतेवर, यातले काहीच माहीत नसताना न ऐकू येण्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. जेसन राइट, शुभम कनोडिया आणि एमिली ल्युबर या खगोलशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला. दिशा, अंतर, वारंवारता, तीव्रता, वेळ असे सगळे धरून शोधायच्या जागेचे आकारमान काढले आणि त्यातली आपण किती धुंडाळली ते पाहिले. पृथ्वीवरचे सगळे महासागर एकीकडे आणि पोहण्याच्या लहानशा तलावातले पाणी दुसरीकडे, इतके ते प्रमाण आहे. एवढ्याशा पाण्यात मासा सापडला नाही म्हणून समुद्र रिकामा कोण ठरवील?

रात्री दोनला मात्र आपण तेच ठरवतो. दर रविवारी नऊला फोन करणाऱ्या मुलाचा फोन आला नाही, तर काळजी वाटण्याला आधार आहे. ती खोडदची शांतता. पण आठवडाभर कुणी विचारपूस केली नाही म्हणून आपण कुणालाच नको आहोत, हा निष्कर्ष फार लहान नमुन्यावरून काढलेला असतो. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅचिओपो यांनी आयुष्याची अनेक वर्षे एकटेपणाचा अभ्यास केला. माणसांकडे परत वळा, हे सांगण्यासाठी शरीराने दिलेली ती सूचना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण ती सूचना फार काळ वाजत राहिली की मन सावध होते, नको तितके सावध. समोरच्याच्या चेहऱ्यावरची साधी थकावट नाराजी वाटू लागते. उशिरा आलेले उत्तर नकार वाटते. मग माणूस आधीच मागे सरतो, आणि शांतता वाढते.

एकटेपणावरचे वेगवेगळे उपाय कितपत लागू पडतात, याचा कॅचिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला. मेळावे भरवणे, गाठीभेटींच्या संधी वाढवणे, बोलण्या-वागण्याचे कौशल्य शिकवणे, यांचा परिणाम दिसला, पण थोडा. इतरांच्या वागण्याचा आपण जो अर्थ लावतो तो तपासून पाहायला शिकवणारे उपाय त्यांच्यापेक्षा जास्त उपयोगी ठरले. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे एकट्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो मंडळात जा, भजनाला जा, सहलीला जा असा. तो चुकीचा नाही. पण नको असलेला पाहुणा आहोत असे मानून जो हॉलमध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरतो, त्याला गर्दीत बसूनही काही ऐकू येत नाही. त्याच्याशी कुणी तरी शेजारी बसून त्या अर्थाबद्दल बोलावे लागते, आणि एकदा बोलून भागत नाही.

म्हणून पत्र पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘मी नसलो तर काय अडणार’ हा प्रश्न विश्वाला विचारू नका. तो नावानिशी एखाद्या माणसाला विचारा, शक्यतो उजेडी, आणि उत्तरासाठी त्याला वेळ द्या. हा प्रश्न रोजचाच झाला असेल, तर डॉक्टरांनाही सांगा; त्यात कमीपणा काही नाही.

‘हे सगळे कशासाठी?’ या प्रश्नाचे मात्र असे करता येत नाही. तिथे कान कुठे लावायचा तेही ठरवता येत नाही, आणि मोजायला समुद्रही नाही. काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे ते का, असे तत्त्वज्ञ गॉटफ्रीड लायब्निझ यांनी १७१४ मध्ये विचारले. पुढच्या आठवड्यात त्यांच्यापासून सुरुवात करू.