आधी निजायची सोय, मग काळा घोडा

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला जायची गोष्ट निघाली, की आमच्या कापडे गावात पहिला प्रश्न कार्यक्रमाचा नसतो. "निजायचं कुठं, ते आधी सांग," असं आमच्या भजनी मंडळातल्या थोरल्या काकी म्हणतात आणि त्यानंतरच बाकीच्या बायका तोंड उघडतात. काकींचं बरोबर आहे. 1999 साली सुरू झालेला हा नऊ दिवसांचा उत्सव बघायला तिकीट लागत नाही, पण त्यातलं गाणं-नाचणं संध्याकाळी उघड्यावर रंगतं आणि रात्री दहाच्या आसपास आटोपतं. पोलादपूरच्या पलीकडून आलेल्या माणसानं त्यानंतर घर कसं गाठायचं? रात्रीची एखादी गाडी पकडली तरी ती भल्या पहाटे पोलादपूरच्या स्टँडवर उतरवणार, आणि तिथून कापड्याला त्या वेळी कुणी येत नाही. म्हणून आमचा बेत रात्रीपासून सुरू होतो आणि उलटा मागे सकाळपर्यंत येतो.

पूर्वी हे सोपं होतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत आमच्याकडच्या गावांच्या गावकीच्या खोल्या असत. पाळ्यांवर जाणारे गडी तिथं आळीपाळीनं झोपायचे आणि गावाहून आलेल्याला वळकटी पसरायला जागा मिळायचीच. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, मागाहून चाळीही पडू लागल्या, आणि आमची माणसं दिवा, नालासोपारा, कामोठ्याकडे पांगली. तरी कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड अजून परळला आहे. तिथं फोन जातो. घरातले पुरुष एक रात्र शेजारी झोपायला जातील का, पहाटे पाणी किती वाजता येतं, एवढं विचारून होतं. खोलीत जितक्या पथाऱ्या मावतील तितकीच नावं वहीत चढतात.

ही वही बघण्यासारखी असते. शाळेची जुनी दोनशेपानी, मागच्या बाजूनं सुरू केलेली. नाव, त्यापुढे वय, त्यापुढे आधार कार्ड आहे की नाही. वय लागतं ते एसटीच्या तिकिटासाठी. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षीपासून तिकीटच नाही. त्यामुळे थोरल्या काकी फुकट, आम्ही अर्ध्यात, आणि सोबत येणारा एखादा भाचा मात्र पुऱ्या तिकिटाचा. घरखर्चातून पैसे काढणाऱ्या बाईला हा हिशेब फार मोठा असतो. अर्धं तिकीट झाल्यापासून "यांना विचारून सांगते" हे वाक्य आमच्या ओटीवर कमी ऐकू येतं, हे मी मनापासून नोंदवते.

मग तारीख. इथं उत्सववाल्यांशी माझं थोडं भांडण आहे. हा उत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो असं धरून चालावं, तर 2023 साली तो 4 ते 12 फेब्रुवारी होता, 2024 ला 20 ते 28 जानेवारी आणि 2025 ला 25 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. शहरातल्या माणसाला आठवड्याचा फरक कळतही नाही. आमच्याकडे 26 जानेवारीला शाळेत पोरांचे कार्यक्रम असतात, आया गाव सोडत नाहीत. माघ वद्य नवमीला उमरठला तानाजी मालुसऱ्यांची पुण्यतिथी असते, तेव्हा घरी पाहुणे. मधे हळदी-कुंकवं आणि लग्नं. कुठल्या संध्याकाळी कुठं काय आहे, हा तपशील महिनाभर आधी मराठीत हाती आला, तर आमच्यासारखे कितीतरी गट घराबाहेर पडतील.

वार मात्र आमचा ठरलेला आहे, बुधवार. त्यामागे बरीच खलबतं झालेली आहेत. शनिवार-रविवारी त्या रस्त्यांवर मुंगीला वाट नसते, आणि मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ गाड्या तुंबतात ते वेगळंच. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद. मंगळवारी गेलो तर दुसरा दिवस बुधवार येतो, आणि बुधवारी राणीची बाग बंद. ती आम्हाला चुकवायची नसते.

निघायचं ते दिवस उगवायच्या सुमाराला. कापड्याहून पोलादपूर, तिथून मुंबईची गाडी. कोकण रेल्वेचा विचार दर वेळी निघतो आणि दर वेळी मागे पडतो, कारण वीर स्टेशन महाडच्याही पुढे आहे आणि म्हाताऱ्या बायकांना घेऊन वाहनं बदलायची म्हणजे हाल. पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरली, की सीएसएमटीपर्यंत बसून जाता येतं. दुपारची वेळ साधायची ती यासाठीच. भाकरी, सुकी चटणी नि पाण्याच्या बाटल्या सोबत. स्टेशनातच हात-पाय-तोंड आणि बाकीचं उरकून घ्यायचं, कारण पुढं बायकांची सगळ्यात मोठी अडचण तीच. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही सुरू झालंय, पण आम्ही चालतो. दादाभाई नौरोजी रस्त्यानं हुतात्मा चौक, तिथून सरळ.

रॅम्पार्ट रोवर मांडलेली शिल्पं उजेडात बघून घ्यावीत. दिवे लागले की ती देखणी दिसतात खरी, पण गर्दीत कुणाच्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही. मग गाण्याची किंवा नाचाची जागा गाठायची. क्रॉस मैदान, एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कलची बाग, डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग, अशा ठिकाणी आजवर कार्यक्रम झालेत. त्या वर्षी कुठं काय, ते आधी विचारून ठेवावं. तासभर आधी जायचं आणि वाटेच्या कडेची जागा धरायची, म्हणजे कुणाला उठावं लागलं तर अख्खी रांग हलत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. हरिनाम सप्ताहात ताडपत्रीवर मध्यरात्रीपर्यंत कीर्तन ऐकणाऱ्या बायकांना उघड्यावर बसायची कला अंगची असते.

लवकर जाण्याचा खरा फायदा मला एका नाचाच्या कार्यक्रमाआधी कळला. साथीचा पखवाजवाला येऊन बसला. त्यानं कणकेचा गोळा काढला, पाण्याचा हात लावून मळला आणि डाव्या तोंडावर थापला. थाप मारून ऐकलं, बोटानं थोडी कणीक खरवडली, पुन्हा ऐकलं. मग हातोडीनं गठ्ठे ठोकत उजवी बाजू चढवत नेली. आजूबाजूची माणसं फोनमध्ये होती. आमच्या मंडळात मृदंग वाजवणारी वहिनी मात्र गुडघ्यांवर उभी राहून बघत होती. "कणीक आपल्यापेक्षा सैल ठेवली त्यानं," ती म्हणाली, आणि गावी आल्यावर तिनं ते करून पाहिलं. त्या रात्री नाच सुंदर झाला, पण आमच्या मंडळाला लाभली ती ही अर्ध्या तासाची शिकवणी. कार्यक्रमाला वेळेवर येणाऱ्याला ती मिळत नाही.

पॅरिसला 2002 पासून 'न्वी ब्लांश' नावाचा रात्रभराचा कलेचा उत्सव होतो आणि त्या रात्री तिथं मेट्रोच्या काही मार्गांवर रात्रभर गाड्या सोडतात. आपल्याकडे एसटी पंढरीच्या यात्रेला आणि गणपतीला जादा गाड्या सोडतेच. या नऊ दिवसांतल्या एखाद्या रात्री साडेदहाला सीएसएमटीवरून महाड-पोलादपूरची एक जादा गाडी सुटावी, आणि तिला जोडून पहाटे पोलादपूरहून आत जाणारी एक. मग परळच्या खोलीत मावतील तेवढ्याच बायकांनी कला बघायची, हे बंधन उरणार नाही.

तोवर मुक्काम परळला. सकाळी आवरून राणीची बाग. ज्या घोड्यावरून त्या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 साली चौकातून हलवला, तो इथंच आहे. चौकात 2017 साली बसवलेला घोडा स्वाराविना आहे. थोरल्या काकी दोन्ही घोडे बघून झाल्याशिवाय सहल पुरी झाली असं मानत नाहीत. तिथून पुन्हा हार्बर आणि पनवेल. एकच्या आत एसटी मिळाली, तर पोलादपूरहून कापड्याची संध्याकाळची गाडी सापडते.