मिटलेली मूठ उघडताना

पक्षाघाताला कन्नडमध्ये 'पार्श्ववायू' म्हणतात. दोन्ही नावांत शरीराच्या एका बाजूचा निर्देश आहे. पण खरा दोष त्या बाजूत नसतोच. हाताचे स्नायू आणि त्यांना जाणाऱ्या नसा शाबूत असतात. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि हुकूम सोडणारी कचेरी बंद पडते, इतकेच.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. माझे मामा अडत दुकानात दिवाणजी. किर्द-खतावणी लिहिणारा त्यांचा उजवा हात गतवर्षी गेला. बँकेत सही जुळेना. त्यांच्याबरोबर उपचाराला जाता जाता मी याविषयी वाचू लागलो.

अशा हाताची मूठ मिटते, पण पुष्कळदा उघडत नाही. बोटे मिटणारे स्नायू ताठरतात आणि उघडणारे दुबळे पडतात. म्हणून यंत्राचे चिकट पट्टे कोपराखाली हाताच्या मागील अंगाला लावतात. सेकंदाला तीस-चाळीस बारीक स्पंदने सोडली की मनगट वर येते, बोटे उलगडतात. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरील प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले, त्यातलेच हे तत्त्व. १९६१ साली लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालताना लोंबणारे पाऊल उचलण्यासाठी ते वापरले.

पण वाचकहो, मूठ यंत्राने उघडली तर त्यात रुग्णाचे काय? मामांना व्यायाम देणाऱ्या बाई दर खेपेस बजावतात, "मोदलु नीवु, आमेले मशीन." आधी तुम्ही, मग यंत्र. रुग्णाने मनाने जोर लावावा आणि त्याच क्षणी वीज यावी, म्हणजे प्रयत्न आणि हालचाल यांची गाठ मेंदूत पुन्हा बसेल, असा यामागचा विचार. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे याची एक नामी युक्ती काढली आहे. चांगल्या हातात मोजा घालायचा. तो हात जितका उघडावा तितकी वीज दुखऱ्या हाताला मिळते. वेग रुग्णाच्या स्वाधीन! २०१६ साली ८० रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका मिनिटात लाकडी ठोकळे पेटीच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात टाकायचे, ही परीक्षा. मोजावाल्यांचे सरासरी ४.६ ठोकळे वाढले. ठरावीक वेळाने आपोआप वीज सोडणाऱ्या यंत्रावरच्या रुग्णांचे १.८. आकडे लहान आहेत, हे आम्हां हिशेबवाल्यांना लगेच दिसते. पण ज्याची मूठच उघडत नव्हती, त्याला तीन ठोकळ्यांचा फरक लहान वाटणार नाही.

विजेविना नुसत्या सरावाचीही पद्धत आहे. चांगला हात दोन आठवडे मोज्यात अडकवून ठेवायचा आणि सगळे काम दुबळ्या हाताकडून करून घ्यायचे. एडवर्ड टॉब यांची ही कल्पना. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांवरील चाचणीत ती उपयोगी ठरली. मात्र त्या चाचणीत प्रवेश मिळायला मनगट आणि बोटे स्वतःहून थोडी तरी उचलता येणे आवश्यक होते. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांच्यापुढे विजेचे पट्टे उरतात. अर्थात हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नयेत.