‘कझिन’ म्हणजे नक्की कोण? जुन्या कागदांतली नाती



‘कझिन’ म्हणजे चुलत, मामे, आते, मावस भावंडं, असं आपण मुलांना शिकवतो. आजच्या इंग्रजीपुरतं ते बरोबर आहे. पण अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती, त्या काळात हाच शब्द पुतण्या, भाचा, भाची यांच्यासाठीही वापरत. म्हणून तिथली वंशावळ शोधणारे इथे हमखास अडकतात.

एक उदाहरण पाहा. 1620 मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने इंग्लंडहून काही कुटुंबं अमेरिकेत प्लिमथला गेली. त्या प्रवाशांची यादी गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी पुढे लिहून ठेवली. त्यात एडवर्ड टिली, त्यांची पत्नी अ‍ॅन आणि त्यांचे ‘कझिन’ असलेली दोन मुलं आहेत: हेन्री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर. पण कझिन कोणाकडून? नवऱ्याकडून की बायकोकडून? यादीत ते नाही. टिली पती-पत्नी तर तिथे पोचल्यावर लवकरच वारले.

उत्तर मिळालं ते इंग्लंडमधल्या नोंदींतून. अ‍ॅन माहेरची कूपर, हेनलो गावची. हेन्री तिच्या बहिणीचा मुलगा, ह्युमिलिटी भावाची मुलगी. म्हणजे अ‍ॅन एकाची मावशी, दुसरीची आत्या! मराठीत हा गोंधळ झालाच नसता.

अशाच आणखी फसव्या जागा:

1. सीनियर-ज्युनियर: हे बापलेकच असतील असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. थोरला वारला की धाकटाच सीनियर व्हायचा.

2. मदर-इन-लॉ: सासू किंवा सावत्र आईसुद्धा.

3. तारखा: 1752 पूर्वी तिथे नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. लग्न एप्रिल 1700 आणि बाळाचा जन्म फेब्रुवारी 1700 असं दिसलं, तर बाळ लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं असतं!

मग करायचं काय? एका शब्दावरून नातं ठरवायचं नाही. मृत्युपत्र, जमिनीचे कागद, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद ताडून पाहायची. पुरावा नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचं. कारण एकाने चुकीचे आईवडील लिहिले की पुढचे सगळे तेच उतरवून घेतात.

वर्गात वंशवृक्ष काढून घेताना मुलांना एवढंच विचारा: “हे काका म्हणजे बाबांचे भाऊ, की शेजारचे काका?” पुरावा तपासण्याची सवय तिथूनच लागते.