हवेच्या भाराने भरणारे रेझिन
(घरगुती कार्यशाळेतील संमिश्रे : लेखांक पाचवा)

काचतंतूंचे कापड साच्यावर अंथरून ब्रशने रेझिन चोपडण्याच्या ज्या पद्धतीचा विचार मागील लेखांकात झाला, तिने कूलरच्या बॉड्या, दारे आणि टाक्या आजही सर्वत्र तयार होतात. परंतु तीत रेझिनचे प्रमाण कारागिराच्या हातावर ठरते, आणि बळकटी तंतूंकडून मिळत असताना वजन मात्र रेझिनचे वाढत जाते. निर्वात रेझिनभरणात हा क्रम उलटा असतो. कापड कोरडेच मांडून त्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटपट्टीने हवाबंद केला जातो, पंपाने आतील हवा काढली जाते, आणि त्यानंतरच रेझिनची नळी उघडली जाते. अमेरिकेतील विल्यम सीमन यांना १९९० साली मिळालेल्या पेटंटनंतर ही पद्धत नौकाबांधणीत रुळली, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या पवनचक्क्यांची लांब पातीही याच तत्त्वावर घडतात. उत्तम संमिश्र मोठ्या कारखान्यातच होते, असा समज मात्र धरू नये. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती लाकडी गाभा, काचतंतू आणि इपॉक्सी यांची ‘म्हादेई’ गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा गोदीत बांधलेली होती.

या पद्धतीत पंप रेझिन ओढतो असे म्हटले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. पंप फक्त आतला विरोध काढून घेतो, आणि कापड दाबण्याचे व रेझिन पुढे ढकलण्याचे काम बाहेरची हवा करते. समुद्रसपाटीला हा भार प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन असतो. जालना जिल्ह्याचे पठार साधारण ५०० मीटर उंचीवर असल्याने वाटूरच्या एखाद्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये हवेचा दाब १०१३ ऐवजी ९५५ मिलिबारच्या आसपास, म्हणजे पावणेदहा टनांच्या जवळपास, राहतो. भारातील ही घट किरकोळ आहे, पण मापनात ती फार महत्त्वाची ठरते, कारण साध्या घड्याळी गेजचा काटा आतल्या आणि बाहेरच्या दाबांतील फरक दाखवतो. गोव्याच्या किनाऱ्यावर २८ इंच पारा दाखवणाऱ्या पिशवीत अजून सुमारे ६५ मिलिबार हवा शिल्लक असते. वाटूरला तोच आकडा जवळजवळ पूर्ण निर्वाताचा असतो, आणि परदेशी माहितीपत्रकातील २९ इंच तेथे कोणत्याही पंपाने गाठता येणार नाहीत. हे ठाऊक नसलेला माणूस नसलेली गळती शोधत बसतो.

खरी गळती ओळखण्याची कसोटी वेगळी आहे. हवा काढून झाल्यावर पंपाकडील नळी चिमट्याने बंद करावी आणि दहा मिनिटे काटा पाहावा. दाब पाच-दहा मिलिबारपेक्षा जास्त बदलला, तर रेझिन कालवू नये. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे असणारा लहान व्हॅक्यूम पंप या कामाला पुरतो, आणि अधिक मोठा पंप घेऊन गळती झाकण्यापेक्षा पडद्याच्या घड्या व चिकटपट्टीचे कोपरे पुन्हा दाबण्यात वेळ घालवणे केव्हाही योग्य. ग्रामीण भागात याला आणखी एक कारण आहे: भरण चालू असताना वीज गेली, तर दोन्ही नळ्या बंद केलेली पिशवी स्वतःच्या बळावर टिकली पाहिजे.

रेझिनचा प्रवास फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी यांनी १८५६ साली वाळूच्या गाळणीवरून मांडलेल्या नियमाने चालतो. मराठवाड्याच्या खडकातून विहिरीकडे झिरपणाऱ्या पाण्याचा हिशोबही याच नियमाने केला जातो. रेझिन जितके पुढे जाते तितका त्याला मागे राहिलेल्या भिजल्या कापडाचा विरोध वाढतो, म्हणून वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो. पहिल्या ३० सेंटीमीटरला ४ मिनिटे लागली, तर ६० सेंटीमीटरपर्यंत १६ आणि ९० पर्यंत ३६ मिनिटे लागतील. ट्रॅक्टरच्या छतासारख्या मीटरभर रुंद नगात रेझिन एका कडेने सोडल्यास ते दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच घट्ट होण्याचा संभव असतो; तेच मध्यरेषेवरून सोडून हवा दोन्ही कडांनी काढली, तर अंतर निम्मे आणि वेळ चौथाई होतो. कापडावर सोलून काढता येणारा नायलॉनचा थर आणि त्यावर प्रवाहजाळी ठेवतात, तीही वाट मोकळी करण्यासाठीच. मात्र कडेला जाळी सैल राहिली, तर रेझिन तेथून धावत निर्गमनळीपर्यंत पोहोचते आणि मध्ये कोरडे बेट अडकते. म्हणून जाळी कडेपासून काही सेंटीमीटर अलीकडेच संपवावी लागते.

उष्णतेचा प्रश्न मराठवाड्यात सर्वांत गंभीर आहे. माहितीपत्रकातील वेळा बहुधा २५ अंश सेल्सिअसला दिलेल्या असतात, तर वाटूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि दर १० अंशांना रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. उष्णतेने रेझिन पातळ होऊन लवकर पसरते हे खरे, पण बादलीतल्या साठ्याची उष्णता बाहेर पडत नसल्याने तो कापडाच्या कितीतरी आधी तापून धुरावतो. तेथे थोडे थोडे कालवणे हाच उपाय. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन तर ४० अंशांना सुमारे २० मिलिबार दाबालाच उकळू लागते आणि त्याचे बुडबुडे गळतीसारखे दिसतात, म्हणून पॉलिएस्टर वापरताना आत ५० मिलिबारपेक्षा अधिक दाब राहू देणे हिताचे. पावसाळ्यात कापड दमट होते. या सगळ्याचा विचार करता दिवाळीनंतरचे आणि संक्रांतीच्या आसपासचे दिवस, आणि त्यातही ऊन वर आल्यानंतरचे तास, या कामाला सर्वांत अनुकूल ठरतात.

घरात हे काम करताना काही बाबतींत तडजोड चालत नाही. कोबाल्टचा प्रवेगक आणि पेरॉक्साइडचा हार्डनर थेट एकमेकांत मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेची कायमची अ‍ॅलर्जी जडते. आणि पंपापूर्वी जादा रेझिन अडवणारे भांडे जाड धातूचे हवे, कारण काचेची बरणी बाहेरच्या भाराने आत फुटू शकते.

रेझिन गोठेपर्यंत निर्वात सोडू नये. नग निघाल्यावर कडा कापण्यापूर्वी त्याचे वजन करावे, आणि मांडणीपूर्वी केलेले कापडाचे वजन त्याच्याशी ताडून पाहावे. कापड ६०० ग्रॅम आणि नग ८७० ग्रॅम भरला, तर रेझिन २७० ग्रॅम लागले; काचेची घनता २.५५ आणि रेझिनची १.१५ धरता दोहोंचे घनफळ प्रत्येकी सुमारे २३५ घनसेंटीमीटर, म्हणजे अर्धे-अर्धे येते, आणि ब्रशच्या कामात हे प्रमाण क्वचितच साधते.